पहिला चहा

आमच्या सोसायटीत जिन्याशी एक काळा फळा आहे. पाणी किती वाजता जाणार, लिफ्टची दुरुस्ती कधी, सत्यनारायण कुणाकडे, हा सगळा मजकूर आमचे सेक्रेटरी वळणदार अक्षरात त्यावर लिहितात. १९ जानेवारी २०२०च्या रविवारी दुपारी अडीच वाजता मुलाच्या खांद्याचा आधार घेत, लंगडत मी घरी परतले, तेव्हा त्या फळ्यावर रंगीत खडूंनी लिहिलेलं होतं : ‘मुंबई मॅरेथॉनमध्ये बेचाळीस किलोमीटर धावल्याबद्दल आपल्या भगिनीचे हार्दिक अभिनंदन!’ भोवती वेलबुट्टी आणि खाली बुटांची एक जोडी. सेक्रेटरींनी मोठ्या हौसेने शनिवारी रात्रीच लिहून ठेवलं होतं.

मी बेचाळीस किलोमीटर धावले नव्हते. चौतीसच्या आसपास थांबले होते.

मुलाने खिशातला रुमाल काढला. मी म्हटलं, ‘राहू दे, आत्ता नको.’ रात्री जेवणं झाल्यावर आमचे हे काही न बोलता खाली जाऊन आले. परत आले तेव्हा त्यांच्या हाताला निळा-गुलाबी खडू लागला होता. त्या हाताकडे बघून मला जे रडू फुटलं, ते दिवसभरात आलं नव्हतं.

मॅरेथॉन पूर्ण करणाऱ्यांच्या गोष्टी आपण पुष्कळ वाचतो. सत्तरीचे आजोबा, साडी नेसून धावणाऱ्या आजी, आजारातून उठून पदक घेणारे तरुण. दर जानेवारीत सोमवारच्या वर्तमानपत्रांत त्यांचे फोटो असतात आणि ते असायलाच हवेत. पण त्याच सकाळी काही माणसं वाटेत थांबतात, गुपचूप घरी येतात आणि मंगळवारी कामावर जातात. त्यांचं पुढे काय होतं? मी त्यांच्यातली एक आहे, म्हणून सांगते.

धावणं माझ्या आयुष्यात उशिरा आलं. बँकेची नोकरी, ठाण्यातलं घर, सासूबाई, मुलाची दहावी. या सगळ्यात वयाची त्रेचाळिशी कधी उलटली ते कळलं नाही. २०१५ साली रक्ताच्या तपासणीत साखर काठावर निघाली. डॉक्टर म्हणाले, ‘गोळ्या नंतर बघू, आधी रोज पाऊण तास चाला.’ म्हणून मी पहाटे उपवन तलावाकाठी चालायला जाऊ लागले. येऊरच्या डोंगराकडून वारा येतो, तलावावर धुकं असतं आणि त्या वेळी कुणी ‘आई, माझा डबा’ म्हणत नाही. चालता चालता एक दिवस दोन दिव्यांच्या खांबांमधलं अंतर धावून पाहिलं. दुसऱ्या दिवशी तीन खांब.

तिथेच ती मंडळी भेटली. सात-आठ जणांचा घोळका, ना नाव ना नोंदणी. टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ, ज्यांना सगळे ‘मास्तर’ म्हणतात, कारण ते पोस्टमास्तर होते. एक भूलतज्ज्ञ डॉक्टरीणबाई. एक रिक्षा चालवणारा तरुण, आमच्यात सगळ्यात वेगवान. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारे सर. संगणकाच्या कंपनीत काम करणारं एक जोडपं. दर रविवारी पहाटे पाच वाजता तलावाच्या काठावर जमायचं, धावायचं आणि शेवटी कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा प्यायचा, एवढाच नियम. मास्तरांनी मला पहिल्या दिवशी विचारलं, ‘ताई, रोज एकट्या धावता. दमल्यावर बोलता कुणाशी?’ मला हसू आलं. पुढच्या रविवारपासून मी त्यांच्यात होते.

२०१७ साली अर्धमॅरेथॉन झाली, म्हणजे एकवीस किलोमीटर. पुढच्या वर्षी साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढून उतरले. अंगात बळ आलं होतं, आणि खरं सांगायचं तर थोडी मिजासही आली होती. अर्ध्याचं पूर्ण करायचं ठरवलं. मॅरेथॉनचं अंतर बेचाळीस किलोमीटर आणि वर एकशे पंच्याण्णव मीटर. मी मनाशी वेळही ठरवून टाकली : पाच तास. म्हणजे किलोमीटरला सात मिनिटं. पाच महिने सराव केला. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानाआधी अठरा किलोमीटर धावून आले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘नरकासुर सुद्धा एवढा पळाला नसेल.’

शर्यतीच्या दिवशी पहाटे सव्वापाचच्या सुमारास आम्ही छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरून निघालो. अंधार, गारवा, उजळलेली ती भव्य इमारत, ढोल आणि हजारो माणसांच्या पावलांचा एक दबका आवाज. मरीन ड्राइव्हला लागलो तेव्हा मला वाटलं, आपल्याला कुणीतरी मागून उचलून नेतंय. घड्याळ दाखवत होतं, किलोमीटरला सहा मिनिटं वीस सेकंद. ठरल्यापेक्षा चाळीस सेकंदांनी वेगात. डॉक्टरीणबाई मागून ओरडल्या, ‘अगं, हळू!’ मी हात हलवला आणि पुढे गेले. पाय हलके होते, श्वास शांत होता. मनात म्हटलं, आज आपला दिवस आहे.

वांद्रे-वरळी सागरी सेतूवर सूर्य उगवला. तो देखावा मी कधी विसरणार नाही. एरवी ज्या पुलावर पायी चालायला बंदी, त्याच्या मधोमध आपण धावतोय, दोन्ही बाजूंना समुद्र आणि पूर्वेला तांबडा गोळा. अर्धं अंतर दोन तास सतरा मिनिटांत झालं. माझ्या हिशेबापेक्षा तेरा मिनिटं आधी. मी त्या तेरा मिनिटांना शिल्लक समजत होते. बँकेत आयुष्य घालवलेल्या बाईला ती शिल्लक नसून उचल आहे, हे कळायला हवं होतं.

माहीम आलं, शिवाजी पार्क आलं. ऊन वर चढलं होतं आणि हवेत तो मुंबईचा ओलसर उकाडा भरला होता. रस्त्याच्या कडेला लोक संत्र्याच्या फोडी, केळी, चिक्की, मीठ घेऊन उभे होते. एक लहान मुलगी ‘मावशी, पळा पळा’ म्हणत होती. मला तिच्याकडे बघून हसताही येईना. तिसाव्या किलोमीटरला डाव्या पोटरीत पहिला गोळा आला. थांबले, पाय ताणला, निघाले. शंभर पावलांवर उजव्या पोटरीत. मग मांडीत. धावणं संपून चालणं सुरू झालं आणि चालणंही सरळ राहिना. वरळीच्या समुद्राकाठी ज्यांना मी पहाटे मागे टाकलं होतं ते एकेक करून पुढे जाऊ लागले. काही जण पाठीवर थाप मारून जात. त्या थापेचाही राग येत होता.

हाजी अलीच्या चौकात पोचले. तिथून पुढे पेडर रोडचा चढ. सकाळी ताज्या पायांनी जो जाणवतही नाही, तोच परतीला डोंगर होतो. मी त्या चढाकडे पाहिलं आणि माझे डोळे फिरले. पदपथाच्या कडेला बसले. मळमळत होतं, हातांना मुंग्या येत होत्या. वैद्यकीय मदत केंद्रातल्या एका तरुण डॉक्टरने रक्तदाब पाहिला आणि अगदी मऊ आवाजात म्हटलं, ‘मॅडम, आज इथेच थांबू या का?’ त्याने आज्ञा केली असती तर मी भांडले असते. त्याने विचारलं, म्हणून मी हो म्हटलं. पावणेदहा वाजले होते. आठ-नऊ किलोमीटर उरले होते.

पुढचे दिवस मात्र शर्यतीपेक्षा कठीण गेले.

माझी माणसं वाईट नाहीत. उलट सगळ्यांनी सांत्वनच केलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘अहो, चौतीस म्हणजे काय थोडं झालं? आम्हाला स्टेशनपर्यंत चालवत नाही.’ ऑफिसात एक सहकारी म्हणाला, ‘मॅडम, पुढच्या वर्षी रिक्षाने जा.’ बहिणीचा फोन आला, ‘या वयात कशाला ही नसती हौस? जिवावर बेतलं असतं म्हणजे?’ मुलगा म्हणाला, ‘आई, मेडल काय, ऑनलाइन पण मिळतं.’ यांतला प्रत्येक जण मला हलकं करू पाहत होता आणि प्रत्येक वाक्यागणिक मी जड होत होते. कारण त्या सगळ्याचा अर्थ एकच निघत होता, की ही गोष्ट रडण्याइतकी मोठी नाही.

आणि तेही खरंच होतं. कुणाचं काही बिघडलं नव्हतं. नोकरी होती, घर होतं, साखर ताब्यात होती. पण पाच महिने पहाटे चारला उठून एका गोष्टीसाठी जो जीव टाकला, ती हातची गेली होती. आयुष्यात बाकी सगळं मी कुणासाठी तरी केलं, हे एकच स्वतःसाठी घेतलं होतं. ते अर्ध्यात सुटलं, याचं दुःख सांगायचं कुणाला?

मी धावायला जाणं सोडलं. गुडघा दुखतो, असं घरी सांगितलं. रविवारी पहाटे जाग यायचीच. छताकडे बघत पडून राहायचे. फोनवर आमच्या मंडळींचे निरोप येत, मी उत्तर देत नसे. त्या सगळ्यांनी शर्यत पूर्ण केली होती. त्यांच्या आनंदात माझं लांब तोंड कशाला?

तिसऱ्या रविवारी सकाळी आठ वाजता दारावरची घंटा वाजली. दारात मास्तर. अंगावर घामाने भिजलेला बनियन, हातात पिशवी. सासूबाईंना नमस्कार करून खुर्चीच्या कडेवर बसले. मी मनातल्या मनात उत्तरांची जुळवाजुळव करत होते. त्यांनी काही विचारलंच नाही. पिशवीतून चार केळी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, ‘ताई, पुढच्या रविवारी पाच वाजता नका येऊ. सात वाजता या, चहाला. धावायचे बूट घालू नका, चपला घाला.’ एवढं बोलून उठले.

मी चपला घालून गेले.

टपरीवरचा तो चहा माझ्या लक्षात राहिला आहे. टपरीवाल्याने पेले भरले. मास्तरांनी पहिला उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, ‘आमच्याकडे पद्धत आहे. ज्याची शर्यत फसली, त्याचा पहिला चहा.’ मला ती पद्धत ठाऊक नव्हती. आता वाटतं, ती त्यांनी त्याच क्षणी काढली असावी. मग कुणी न सांगता एकेक जण बोलू लागला. डॉक्टरीणबाईंच्या पहिल्या मॅरेथॉनमध्ये पोट बिघडलं होतं. सात तास लागायला थोडाच वेळ उरला असताना त्या पोचल्या, तेव्हा मंडपाचे बांबू सोडायला सुरुवात झाली होती. घरी जाऊन त्यांनी बूट कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि रात्री परत काढले. रिक्षावाला तरुण एकदा बक्षिसाच्या आशेने धावला. त्या पैशांत त्याला रिक्षाचा हप्ता भरायचा होता. शेवटच्या किलोमीटरला पाय मुरगळला. सर गजर न लावताच झोपले होते, जाग आली तेव्हा शर्यत टीव्हीवर चालू होती. आणि मास्तर? आयुष्यात एकदा चार तासांच्या आत मॅरेथॉन करायची म्हणून ते सहा वर्षं झटले. सगळ्यात जवळ गेले तेव्हाची वेळ होती चार तास, सतरा सेकंद. ‘सतरा सेकंदांत तर मी एक पाकीट तोलून तिकीट लावत होतो हो,’ ते म्हणाले, आणि आम्ही सगळे इतके हसलो की टपरीवाला बघायला बाहेर आला. महिन्याभराने मी पहिल्यांदा हसत होते.

कुणी म्हटलं नाही की, काही हरकत नाही. कुणी म्हटलं नाही की, चौतीस पण खूप झालं. त्यांना ठाऊक होतं, हरकत आहे. खूप झालेलं नाही. जे दुःख आपल्यालाही झालेलं असतं, त्याला आपण छोटं म्हणत नाही.

मग डॉक्टरीणबाईंनी माझ्या घड्याळातली नोंद मागितली आणि माझी चांगली कानउघाडणी केली. दर किलोमीटरची वेळ त्यांनी कागदावर उतरवली. ‘हे बघ, तुझी शर्यत हाजी अलीला नाही संपली. ती मरीन ड्राइव्हवरच संपली होती, तुला कळलं हाजी अलीला.’ त्यांनी समजावून सांगितलं ते मी इथे देते, कारण नव्याने धावणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल. आपण खाल्लेल्या पिष्टमय अन्नातली साखर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपात साठून राहते. ही थैली साधारण तीस-बत्तीस किलोमीटर पुरेल एवढीच असते. चरबीचा साठा मोठा, पण त्यातून शक्ती सावकाश निघते. जितकं वेगात धावावं, तितका साखरेचा खर्च जास्त. थैली रिकामी झाली की पाय शिशाचे होतात, डोकं सुन्न होतं. धावणारे त्याला ‘भिंत’ म्हणतात. त्यात उकाड्याने वेगळीच कर लावलेली. घामातून पाणी आणि मीठ गेलं, शरीर थंड ठेवायला रक्त त्वचेकडे वळलं आणि हृदयावरचा ताण वाढला. मी वाटेत पाणी प्याले, पण खाणं आणि मीठ दोन्ही टाळलं, ‘वेळ जातो’ म्हणून. ‘थांबलीस हे मात्र शहाणपणाचं केलंस,’ त्या म्हणाल्या. ‘तशीच रेटली असतीस तर आज आम्ही चहाला नाही, तुला भेटायला आलो असतो.’

अपयशाला कारण मिळालं की त्याचं भूत उतरतं. इतके दिवस मी म्हणत होते, मी कमी पडले. आता कळलं, माझा हिशेब चुकला. पहिलं दुरुस्त करता येत नाही, दुसरं येतं.

सरांनी त्या दिवशी एक गोष्ट सांगितली. १९१२ साली स्टॉकहोमला ऑलिंपिक झालं. तिथल्या मॅरेथॉनमध्ये जपानचा शिझो कानाकुरी नावाचा तरुण होता. त्या दिवशी इतकं ऊन होतं की निघालेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास खेळाडू शर्यत सोडून गेले आणि पोर्तुगालचा एक धावपटू तर प्राणाला मुकला. कानाकुरी वाटेत कोसळला. एका कुटुंबाने त्याला घरात घेऊन त्याची शुश्रूषा केली. शरमेने तो अधिकाऱ्यांना न सांगताच मायदेशी निघून गेला. स्वीडनमध्ये त्याची नोंद बेपत्ता म्हणून राहिली. पुढे १९६७ साली त्याला बोलावून घेण्यात आलं आणि पंचाहत्तर वर्षांच्या कानाकुरींनी स्टॉकहोमला ती शर्यत पुरी केली. वेळ नोंदली गेली चोपन्न वर्षं, आठ महिने, सहा दिवस आणि वर काही तास.

एवढी गोष्ट पुष्कळ जण सांगतात. सरांनी पुढची सांगितली. कानाकुरी घरी लपून बसले नाहीत. १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये ते पुन्हा मॅरेथॉन धावले आणि सोळावे आले. त्याच शर्यतीत दोराबजी टाटांच्या पुढाकाराने गेलेल्या भारतीय संघातले आपल्या बेळगावकडचे फडेप्पा चौगुले एकोणिसावे आले होते. आणि त्याच १९२० साली कानाकुरींच्या पुढाकाराने जपानमध्ये तोक्यो ते हाकोने आणि परत अशी एक शर्यत सुरू झाली. ती कुणी एकट्याने धावत नाही. विद्यापीठांचे संघ असतात, दहा धावपटू एकामागून एक धावतात आणि आपल्या अंगावरचा पट्टा पुढच्याच्या हाती देतात. दर जानेवारीत ती आजही होते. सर म्हणाले, ‘रस्त्यात एकटा पडलेला माणूस परत गेला आणि त्याने अशी शर्यत उभारली, जिच्यात कुणी एकट्याने पोचायचंच नसतं.’

त्या रात्री मी ही गोष्ट घरी सांगितली. सासूबाई भाजी निवडता निवडता ऐकत होत्या. मग म्हणाल्या, ‘मी पण सासवडहून परत आले होते.’ पंचवीस वर्षांत मला हे ठाऊक नव्हतं. लग्नानंतर काही वर्षांनी त्या आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर निघाल्या, दिवेघाट चढल्या आणि सासवडला ताप भरला म्हणून भावाने परत आणलं. ‘गावात तोंड दाखवायची लाज वाटे. पुढल्या आषाढीला आमच्या दिंडीतली एक बाई घरी आली, म्हणाली, माझ्या बरोबरीनं चाल, तुझं गाठोडं मी घेते. तवा पंढरी दिसली.’ एवढं बोलून त्यांनी भाजीची परात उचलली. आमच्या घरात मला सगळ्यात आधी कुणी समजून घेतलं असेल, तर त्यांनी. मीच विचारलं नव्हतं.

पुन्हा सराव सुरू झाला आणि पुढच्याच महिन्यात सगळं थांबलं. मार्च २०२०ची टाळेबंदी. उपवनचा रस्ता ओस पडला. आमच्यातला कुणी गच्चीवर, कुणी इमारतीच्या आवारात, कुणी दिवाणखान्यात फेऱ्या मारू लागला. रिक्षावाल्या तरुणाचा धंदा बंद पडला, तेव्हा मंडळींनी गुपचूप त्याचे हप्ते वाटून घेतले. डॉक्टरीणबाई तर अठरा-अठरा तास रुग्णालयात. तरीही दर रविवारी सकाळी सात वाजता फोनवर सगळे एकत्र येत आणि आपापल्या घरचा चहा पीत. मुंबई मॅरेथॉन २०२१ साली झाली नाही, २०२२ सालीही नाही. माझे ते आठ-नऊ किलोमीटर तसेच पडून राहिले.

एप्रिल २०२१मध्ये मास्तरांना करोना झाला. सोळा दिवस रुग्णालयात, त्यांतले बरेचसे प्राणवायूवर. परत आले तेव्हा पासष्टीचा तो काटक माणूस खोलीतून न्हाणीघरापर्यंत जाताना भिंत धरत होता. फोनवर म्हणाले, ‘ताई, संपलं हो धावणं.’ मी त्यांना काय सांगणार होते? बरं होईल, काळजी करू नका? मला ती वाक्यं आठवली, जी मला नको झाली होती. पुढच्या आठवड्यात चार केळी घेऊन मी त्यांच्या दारात उभी राहिले आणि म्हटलं, ‘मास्तर, चपला घाला. खांबापर्यंत जाऊन येऊ.’

त्या दिवशी एकच खांब झाला. मग दोन. पुढे सहा महिने आमच्यातला एक ना एक जण रोज त्यांच्याबरोबर चालला. किलोमीटरला पाच मिनिटांत पळणारा तो रिक्षावाला तरुण त्यांच्याशेजारी पाऊल मोजत चालायचा, तेव्हा मला वाटायचं, त्याची ही शर्यत सगळ्यात अवघड असेल. दुसऱ्याच्या गतीने चालणं फार कमी लोकांना जमतं. मीही ते तिथेच शिकले आणि त्याचाच मला पुढे उपयोग झाला.

१५ जानेवारी २०२३. मुंबई मॅरेथॉन पुन्हा भरली. मी पन्नाशी ओलांडली होती. या वेळी पाच तासांचं नाव काढलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘मी तुझ्याबरोबर धावणार.’ त्या माझ्याहून तासभर आधी पोचू शकल्या असत्या. मी नको म्हटलं, तर म्हणाल्या, ‘माझी वेळ मी पुष्कळ वेळा काढली आहे. गप्प बस आणि हळू धाव.’ मरीन ड्राइव्हवर लोक आम्हाला मागे टाकत होते. पुन्हा तोच गारवा, पुन्हा तोच मोह. त्यांनी माझी बाही धरून ठेवली होती, अक्षरशः. दर पाऊण तासाने त्या मला काही तरी खायला लावत, चिमूटभर मीठ चाटायला लावत. अर्धं अंतर पावणेतीन तासांत झालं. मी घड्याळ बघणं सोडून दिलं.

हाजी अलीचा चौक आला. पाय जड होते, पोटरीत जुनी धमकी होती. आणि त्याच पदपथावर, अगदी त्याच कडेला, टोपी घातलेले मास्तर उभे. हातात डबा, डब्यात मीठ लावलेल्या संत्र्याच्या फोडी. पहाटेपासून येऊन बसले होते. जवळ गेले तर म्हणाले, ‘ताई, इथे थांबायचं नाही. जागा माझी आहे.’ मी फोड तोंडात टाकली आणि रडत रडत पेडर रोडचा चढ चढले. चालतच चढले. त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं.

पाच तास अठ्ठेचाळीस मिनिटांनी मी शेवटच्या कमानीखालून गेले. हव्या होत्या त्याहून अठ्ठेचाळीस मिनिटं जास्त. आणि कानाकुरींचा हिशेब लावला तर चार दिवस कमी तीन वर्षं नव्हे, पूर्ण तीन वर्षंच म्हणा ना. पदक हातात घेतलं. जड होतं. पण गंमत अशी की, मला वाटलं होतं तसं आभाळ ठेंगणं वगैरे काही झालं नाही. एक शांतपणा वाटला, राहिलेलं पत्र पत्त्यावर पोचल्यासारखा. घरी आले तर फळ्यावर पाणीकपातीची सूचना होती. सेक्रेटरी खडू हातात घेऊन शेजारी उभे. म्हणाले, ‘वहिनी, या वेळी तुम्ही आल्याशिवाय लिहायचं नाही, असं ठरवलं होतं.’

मास्तर आता पाच किलोमीटर धावतात, मध्ये थोडं चालून. सतरा सेकंदांची गोष्ट नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात आणि दर वेळी त्यात थोडी भर घालतात.

आमच्या घोळक्यात एक नवा मुलगा आला आहे, पंचविशीचा. यंदा जानेवारीत पहिली मॅरेथॉन धावला आणि एकतिसाव्या किलोमीटरला बसला. अगदी माझ्यासारखाच सुरुवातीला सुसाट सुटलेला. नंतर दोन रविवार आला नाही. फोनवर उत्तर नाही. तिसऱ्या रविवारी मी बाजारातून चार केळी घेतली. त्याच्या आईने दार उघडलं, हळू आवाजात म्हणाली, ‘बघा ना, एवढ्याशा गोष्टीचं किती मनाला लावून घेतलंय.’ आतून तो आला, डोळे चुकवत. मी काही विचारलं नाही.

‘पुढच्या रविवारी सात वाजता ये,’ म्हटलं. ‘बूट नकोत. पहिला चहा तुझा आहे.’